तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी रात्री साडेआठ

"मालिका संपली की सगळे खंड एकदम वाच ना. आठवड्याला एकोणीस-वीस पानं वाचून कसलं समाधान मिळतं तुला?" घरी, ऑफिसात, लग्नकार्यात हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच लिहून टाकते.

आधी सोपं उत्तर. 'शोनेन जम्प' हा मांगांचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, साप्ताहिक अंक जपानात सोमवारी निघतो. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले रविवारचे साडेआठ. 2019पासून 'मांगा प्लस' या ॲपवर ताजं प्रकरण त्याच वेळी इंग्रजीत फुकट वाचायला मिळतं. अंकात वाचकांसाठी कार्ड असतं, आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या. मतं पडली नाहीत तर मालिका वीसेक प्रकरणांतच गुंडाळतात, गोष्टीतली स्पर्धा अर्ध्यावर असली तरी. चित्रातली मुलं जिंकायला धडपडत असतात तेव्हा त्यांना काढणाराही टिकायला धडपडत असतो. खंड हातात येईपर्यंत ही दुसरी मॅच उरकलेली असते.

हे मी तावातावाने सांगते. खरं कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ व्हॉलीबॉल खेळायचा, जिल्ह्यापर्यंत पोचला होता. उंची पाच फूट चार. तो अकरावीत असताना मी म्हटलं, "तुझी उंची नाही, आता बास कर." बाबांची नोकरी गेली होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. असं मी अजूनही म्हणते. तो भांडला नाही. नीकॅप धुऊन दोरीवर घातल्या आणि परत उचलल्याच नाहीत. आईने कधीतरी आत आणल्या.

पुढे आम्ही दोघं 'हायक्यू' ही व्हॉलीबॉलची मांगा वाचायचो, तो पुण्यात, मी सांगलीत. 2019मध्ये त्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत, कामोमेदाई शाळेविरुद्धचा सामना ऐन रंगात असताना बुटका नायक हिनाता कोसळला. अंगात ताप. ताकेदा सरांनी त्याला बाहेर काढलं. नऊच्या सुमारास भावाचा फोन आला. बराच वेळ तो बोलेचना. मग म्हणाला, "ताई, त्याला निदान तापाने बाहेर काढलं गं."

पुढचं प्रकरण यायला सात दिवस होते. खंड असता तर मी पान उलटलं असतं. ते सात दिवस भांडी घासताना, बसमध्ये, एकच वाक्य जुळवत राहिले. "चुकलं माझं" म्हणायला जावं, तर तेव्हाची मी विचारते, फी कुणी भरली असती? तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला विचारते, संध्याकाळचे दोनच तास होते ना गं ते, त्याने फी कशी वाचली? तिच्याकडेही नाही.

रविवार आला. आम्ही हिनाताबद्दलच बोललो. पुढे त्याची शाळा, कारासुनो, हरली. जुलै 2020मध्ये 402व्या प्रकरणाला मालिका संपली, तोवर हिनाता ब्राझीलच्या वाळूत खेळून परतला होता, व्यावसायिक संघात होता. भाऊ त्यावर काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आता दुसरी मालिका चालू आहे. साडेआठनंतर त्याचा मेसेज येतो, "वाचलंस?" माझं वाचून झालेलं असलं तरी मी "वाचतेय" लिहिते. मग तो थांबतो थोडा वेळ.