वीज गेल्यावर दिसलेला बाजार

वस्तीतल्या बाजाररस्त्यासाठी नवी बांधकाम नियमावली लिहायची, तर आधी तो रस्ता गाळ्यागाळ्याने मोजावा लागतो. दर्शनी रुंदी किती, दार कुठे, पायरी किती उंच, पाटी कुठून कुठपर्यंत, वरच्या मजल्याचा जिना रस्त्यावरून चढतो की मागून. माझ्यासारख्या नगररचना सल्लागारांच्या नोकरीतला बराच वेळ या मोजणीत जातो आणि तिचं कुणाला फारसं कौतुक नसतं. त्या दिवशी सकाळी मी आणि माझा तरुण सहकारी राहिलेले गाळे मोजायला निघालो होतो. संध्याकाळी समितीपुढे मसुदा ठेवायचा होता. त्यात सगळा भर होता पाट्यांचे आकार, भिंतींचे रंग आणि ‘जुन्या शैलीला साजेशा’ कमानी-कंगोऱ्यांवर. समितीला तेच हवं होतं. कमानीवर वाद घालायला सगळ्यांना आवडतं, कारण ती चित्रात दिसते.

सकाळीच वीज गेली. बिघाड मोठा होता, दुपार उलटेपर्यंत काही खरं नाही, असं थोड्याच वेळात कळलं. आभाळ भरलेलं होतं. ऊन असतं तर कदाचित आमच्या काहीच लक्षात आलं नसतं. एसीची घरघर थांबली, पाट्या विझल्या, काचेमागचे दिवे गेले, आणि दिवे-रंग-पाट्या वजा करून जे उरतं तेवढंच समोर राहिलं. भिंती, दारं, छपरं आणि त्यांच्यामधली पोकळी.

पहिल्या पाच-दहा मिनिटांत दुकानदार बाहेर येऊन एकमेकांना ‘तुमच्याकडेपण?’ विचारून झाले. मग बाजार हळूहळू पुढे सरकला. शिंप्याने पायाने चालणारं मशीन ओढत उंबरठ्याशी आणलं. चष्मेवाल्याने फ्रेमांचे ट्रे दाराजवळच्या काउंटरवर मांडले. घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचं टेबल मुळातच दाराला चिकटून होतं. ‘‘काका, तुमचं काम अडत नाही का?’’ मी विचारलं. डोळ्याला लावलेलं भिंग न काढता ते म्हणाले, ‘‘उजेड वरून येतोय तोवर कशाला अडेल?’’

मी वर पाहिलं. दाराच्या वर, छताला लागून, गाळ्याच्या पूर्ण रुंदीचा काचेचा पट्टा होता. सकाळी मी त्याची नोंद ‘झरोका, काच, ठीक’ एवढीच केली होती.

उजेडाचं गणित आम्ही वास्तुविशारद पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकतो आणि नंतर दिव्यांच्या भरवशावर विसरतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट खोलवर कामापुरता उजेड पोचतो. दार आणि काच २.१ मीटरवर संपत असतील, तर पाचेक मीटरनंतर अंधार. तीच काच झरोक्यासकट चार मीटरपर्यंत गेली, तर नऊ-दहा मीटरपर्यंत चालून जातं. जुन्या रांगेतले गाळे चार-साडेचार मीटर रुंद आणि नऊ-दहा मीटर खोल होते. तो काही योगायोग नव्हता. वीज येण्याआधी दुकान बांधणाऱ्याला दुसरा हिशोब करताच येत नव्हता.

हा आकार फार जुना आहे. प्राचीन रोममधल्या सम्राट ट्राजनच्या बाजारात किंवा रोमजवळच्या ओस्टिया बंदराच्या अवशेषांत दुकानाची खोली पाहिली तर तीच मांडणी सापडते. रस्त्याकडे जवळजवळ पूर्ण रुंदीचं उघडं तोंड, उंबरठ्याच्या दगडात फळ्या सरकवायला खाच, वर लाकडी पोटमाळा, आणि त्या पोटमाळ्याला उजेड देणारी, दाराच्या बरोबर डोक्यावरची लहान खिडकी. बाजार बदलले, माल बदलला, हे छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसणारी मांडणी, मात्र फारसं बदललं नाही. ते बदललं विजेने.

सहकाऱ्याला एक कल्पना सुचली. औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं हातात धरायची आणि गाळ्यात मागे मागे चालत जायचं. जिथे वाचता येईनासं होईल तिथे खडूने रेघ. शास्त्रशुद्ध म्हणता येणार नाही, तरुण डोळे आणि माझे डोळे यांतही फरक पडत होता. तरी रांग संपेपर्यंत रेघांवरून कुणाच्या झरोक्याचं काय झालंय ते नुसतं जमिनीकडे बघून सांगता येऊ लागलं. झरोका उघडा असलेल्या दुकानांत रेघ मागच्या भिंतीशी. पाटीची पेटी किंवा फॉल्स सीलिंग आडवं आलेल्या दुकानांत ती मधेच, काउंटरच्या जरा मागे.

सगळंच जमून आलं असं नाही. झेरॉक्सवाला पूर्ण उजेडात हातावर हात ठेवून बसला होता. औषधाच्या दुकानातल्या बाईंना उजेडाची नाही, फ्रिजमधल्या लसींची काळजी होती. उजेडाने सगळे धंदे चालतात असा दावा मी करणार नाही. पण बहुतेक दुकानं उघडी राहिली आणि गिऱ्हाईक येत राहिलं.

कोपऱ्यावर वेगळं चित्र होतं. तिथली जुनी रांग पाडून भूखंड एकत्र केले होते आणि एकच मोठी इमारत उभी होती. तळमजल्यावर सलग एकच मोठं दुकान, त्याला एकच दार, बाकी काचेवर आतून चिकटवलेल्या जाहिरातींचा कागद. समितीतल्या काहींना ही इमारत आवडत असे, कारण तिच्यावर कमानी होत्या. कंगोरेही होते. जुन्या शैलीला साजेशी, अगदी मसुद्यात लिहिलं होतं तशी.

वीज गेल्यावर त्या दुकानाचं आपोआप सरकणारं दार अर्ध्यावर अडकलं. आतली जमीन पंचवीसेक मीटर खोल, छत खाली उतरवलेलं, काच कागदाने झाकलेली. जनरेटरवर फक्त आपत्कालीन दिवे होते. कर्मचाऱ्यांनी लोकांना नम्रपणे बाहेर काढलं आणि रखवालदार दारात उभा राहून ‘बंद आहे’ सांगू लागला. दुपारपर्यंत तो कोपरा नुसती एक भिंत होऊन राहिला. मी समोरच्या पायरीवर बसून पाहत होते. जुन्या रांगेपाशी रेंगाळत येणारी माणसं त्या कोपऱ्यापाशी आली की पाय उचलायची. एरवीही उचलत असावीत, दिव्यांच्या झगमगाटात ते जाणवत नव्हतं इतकंच.

यामागचं कारण डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी फार सोप्या हिशोबाने मांडलं आहे. माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. दुकानांची तोंडं पाच-सहा मीटरची असली, तर दर चार-पाच सेकंदांना डोळ्यांना नवं काही मिळतं. म्हणजे शंभर मीटरमध्ये पंधरा ते वीस दुकानं. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्यावरून १९६२ साली गाड्या काढल्या, त्यानंतर काही वर्षांनी तिथे गेल यांनी मोजणी सुरू केली आणि पुढे ते आणि त्यांचे सहकारी ती करत आले. तीस मीटरच्या झाकलेल्या काचेपुढून जाताना वीस-बावीस सेकंद काहीच घडत नाही. चालणाऱ्याला ते सेकंद मोजता येत नाहीत, तो फक्त कंटाळतो आणि पुढच्या वेळी पलीकडच्या बाजूने जातो.

लहान गाळ्याचा आणखी एक गुण सभांमध्ये कुणी बोलत नाही, तो भाड्याचा. साडेचार मीटरचा जुना गाळा घड्याळवाल्या काकांना परवडतो. तीस मीटरचं नवं दालन ज्यांना परवडतं, त्यांची शाखा दुसऱ्या वस्तीतही हुबेहूब असते. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली हेच बजावलं होतं, की नव्या, अजून न जमलेल्या धंद्यांना जुन्या इमारतीच लागतात, नव्या बांधकामाचा खर्च त्यांच्या गल्ल्यातून निघत नाही. मला त्यांचं सगळं पटतं असं नाही, पण हे म्हणणं मी कामाच्या निमित्ताने वारंवार खरं होताना पाहिलं आहे.

दुपारी जे झालं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. रांगेच्या मध्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या तोंडावर पाटीची भलीमोठी पेटी, आतून ट्यूब असलेली. गाळा बाकीच्यांइतकाच खोल, पण आमची खडूची रेघ तिथे काउंटरपाशीच थांबली होती. मागच्या फळीवरचे स्क्रू शोधताना मालक मोबाइलच्या प्रकाशात वैतागले होते. सहकाऱ्याने त्यांना सहज सांगितलं, ‘‘शेजारच्यांकडे वर झरोका आहे, तुमच्याकडेही असणार. पाटीमागे असेल.’’ मालक थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्याच दुकानातली शिडी लावली, स्वतःच्याच दुकानातला पाना घेतला आणि पाटीचे चार बोल्ट काढले. पाटी खाली उतरवायला शिंपी आणि चष्मेवाला धावून आले.

मागे काच होतीच. पण साधी नव्हती. लहान लहान चौकोनी तुकड्यांची, आतल्या बाजूला आडव्या रेघारेघांचे उंचवटे असलेली जाड काच. त्यावर धुळीचा थर आणि एका कडेला फॉल्स सीलिंगचा पत्रा. ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, पत्रा वाकवून बाजूला केला, आणि मागच्या फळ्यांवरच्या डब्यांची नावं दिसू लागली.

अशी काच मी तोवर पुस्तकातच पाहिली होती. तिचा प्रत्येक उंचवटा म्हणजे एक छोटा लोलक. आभाळातून तिरपा खाली येणारा उजेड तो वळवतो आणि आडवा, खोलीच्या मागच्या टोकाकडे पाठवतो. १८९० च्या दशकात शिकागोच्या लक्सफर कंपनीने अशा काचांचा मोठा व्यापार केला. पुढे प्रसिद्ध झालेले वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी तरुणपणी त्यांच्यासाठी नक्षी काढून दिली होती. हार्डवेअरवाल्यांची काच कुणी बनवलेली होती हे तिच्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. असल्या काचा पुढे दिवे स्वस्त झाल्यावर निरुपयोगी ठरल्या, मग एसीसाठी छतं खाली आली, पाट्या मोठ्या झाल्या, आणि झरोके बंद पडले. कुणी मुद्दाम काढून टाकले नाहीत, नुसते झाकले गेले.

‘‘वडिलांनी एसी बसवला तेव्हा झाकलं असणार,’’ मालक म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, ‘‘पाटी आता कुठे लावू? तुमचा नियम काय सांगतो?’’

नियम काही सांगत नव्हता. आमच्या मसुद्यात पाटीची कमाल लांबी-रुंदी होती, अक्षरांचा आकार होता, रंगांची यादीही होती. ती झरोक्यावर लावायची की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

वीज आली तोवर आम्ही पायरीवर बसून छेदचित्र काढायला घेतलं होतं. संध्याकाळच्या सभेत मी कमानींची पानं बाजूला ठेवली आणि दोनच चित्रं लावली. एक जुन्या गाळ्याचा छेद, एक कोपऱ्यावरच्या इमारतीचा, दोन्हींवर खडूची रेघ कुठे पडली ते दाखवलेलं. मागणी तीनच गोष्टींची केली. तळमजल्याची उंची किमान सव्वाचार मीटर. दर सहा मीटरमागे एक चालू दार, भूखंड कितीही एकत्र केले तरी. आणि पाटी झरोक्याच्या खाली, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत.

विरोध अपेक्षित जागी झाला. बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिनिधीचा मुद्दा बिनतोड होता. इमारतीच्या एकूण उंचीवर मर्यादा असेल आणि तळमजला उंच केला, तर वरच्या मजल्यांची छतं चेपतात किंवा एक मजलाच जातो. हे खरंच आहे, आणि केवळ चांगल्या हेतूने लिहिलेले नियम इथेच मोडतात. सॅन फ्रान्सिस्कोने १९८७ साली वस्तीतल्या बाजारपट्ट्यांसाठी वेगळे विभाग आखले. पुढे तिथल्या काही पट्ट्यांत त्यांनी यावर साधा तोडगा काढला. तळमजला उंच ठेवणाऱ्याला एकूण उंचीत पाच फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर, जास्तीचे दिले, पण ते फक्त तळमजल्यासाठी. दुकानाच्या दर्शनी भागातला साठ टक्के भाग आरपार दिसला पाहिजे, असंही त्यांच्या नियमात आहे. गडद किंवा आरशासारखी काच त्यात धरत नाहीत. मी हे दोन्ही मांडलं. उंचीच्या सवलतीवर प्रतिनिधींचा सूर लगेच मवाळ झाला. आरपार काचेवर झाला नाही.

रहिवाशांच्या बाजूने आलेल्या एका बाईंनी विचारलं, की मग कमानींचं काय? मी म्हटलं, हव्या त्याला लावू द्या. हे उत्तर समितीतल्या दोघांना उर्मट वाटलं असं नंतर कळलं. वाटू दे. कमान बळजबरीने लावता येते, तिच्यामागची अंधारी भिंत तिने झाकली जात नाही, हे त्यांनी कोपऱ्यावर जाऊन बघायला हरकत नव्हती.

शेवटी उंचीची सवलत मसुद्यात आली, पाटीची जागाही आली. दारांचं अंतर सहावरून आठ मीटर झालं. आठ मी मान्य केलं, कारण दहा मागितले जात होते. आरपार काचेचा नियम पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, आणि कोपऱ्यावरच्या इमारतीच्या मालकाची लेखी हरकत त्यावर आधीच येऊन पडली आहे. हार्डवेअरवाल्यांनी मात्र मसुदा मंजूर होण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी पाटी कापून अर्धी केली आणि दाराच्या चौकटीवर लावली. उरलेली अर्धी विकत हवी का, असं शेजाऱ्यांना विचारून झालंय.