निग्रिलला वडापने

मागच्या डिसेंबरात आई-बाबा माझ्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला आले होते आणि थंडीने पार वैतागले होते, बाबा तर हीटरला पाठ लावूनच बसायचे. मग ठरवलं की चार दिवस जमैकाला, निग्रिलच्या बीचवर जाऊ. कारण साधं, आपल्या पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. खरी भानगड अमेरिकेत परत येताना असते. माझा एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प चालू होता आणि आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, हे आधी दोनदा बघितलं. स्टॅम्प संपलेला असला तरी मेक्सिको-कॅनडाला महिन्याच्या आत जाऊन येता येतं ती सवलत एच-वनवाल्यांना जमैकासाठी नाही, माझा एक मित्र असाच तिकीट काढून बसला होता, शेवटी कॅन्सल केलं.

जायच्या आधी जमैकाच्या इमिग्रेशनचा सी-फाइव्ह नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे, हे नीट वाचा, कारण मी गुगलवर पहिली दिसली ती साइट उघडली आणि ती पैसे मागायला लागली. आईच्या नावाशी अर्धा तास गेला. पासपोर्टवर तिचं आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात आहे, आता फर्स्ट नेम काय टाकायचं? जसं छापलंय तसंच टाकलं, कुणी विचारलं नाही.

मॉन्टेगो बेच्या विमानतळावर इमिग्रेशनवाल्या बाईंनी हॉटेलचा पत्ता, किती दिवस, परतीचं तिकीट एवढंच विचारलं. बाबांनी मात्र न विचारता सांगितलं की आम्ही क्रिकेटवाल्या दिलीप सरदेसाईंच्या गावचे, म्हणजे गोव्याचे, ज्यांनी १९७१ साली किंग्स्टनला २१२ केले. बाई हसल्या आणि शिक्का मारला. पुढे टॅक्सीत त्या मॅचची पूर्ण कॉमेंट्री झाली, ७५ ला ५ गेलेले, मग सोलकर आला, पहिला दिवस पावसात गेल्यामुळे फॉलोऑनला दीडशेच्याच लीडची गरज होती आणि कॅप्टन वाडेकरने तो दिला. हे सगळं मी पन्नास वेळा ऐकलंय पण त्याच बेटावर ऐकताना जरा वेगळं वाटलं.

तर टॅक्सी. हॉटेलने पिकअप पाठवतो म्हणून सांगितलं होतं, तासभर थांबलो, कुणीच नाही, फोन उचलेनात. विमानतळावरची प्रायव्हेट गाडी जो भाव सांगत होती तो ऐकून आई म्हणाली एवढ्यात आपण कोल्हापूरहून रत्नागिरीला चार वेळा जाऊन येऊ. मग एका हमालाने सांगितलं की गावात जा आणि रूट टॅक्सी पकडा. लाल नंबरप्लेटच्या गाड्या असतात, ठरलेल्या रूटवर सीटमागे पैसे, भरली की सुटते. म्हणजे आपलं वडापच की! मागे चौघं, मांडीवर बॅगा, फुल व्हॉल्यूम गाणी. थेट निग्रिलची मिळाली नाही, लूसियाला उतरून दुसरी धरायची. नाव लूसिया लिहितात, बोलताना लूसी, आम्ही लूसिया लूसिया करत होतो आणि समोरचा बघत राहिला. ड्रायव्हर आईला मम्मी म्हणत होता, त्यामुळे आई खूश. गाड्या तिथे डावीकडून चालतात, बाबा म्हणाले चला, एकदाचे सरळ रस्त्यावर आलो.

बसण्याआधी भाडं विचारून घ्या आणि सुटे जमैकन डॉलर ठेवा, एवढंच. एका अमेरिकन डॉलरला दीडशेच्या वर मिळतात, त्यामुळे भाड्याचा आकडा ऐकून पहिल्यांदा घाम फुटतो.

निग्रिलचा सेव्हन माईल बीच पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त थेट समुद्रात, कोकणासारखा, फक्त पाणी एवढं स्वच्छ की आई घोट्यापर्यंत जाऊन पायच बघत बसली. बाबा म्हणाले सात मैल नाहीयेत हे, चालून बघतो, आणि खरंच गेले.

खायचं काय याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. कॅलालू नावाची भाजी आली आणि आईने एका घासात सांगितलं, हा तांदुळजा. रास्ताफारी नावाच्या तिथल्या पंथाच्या लोकांचं इटल जेवण मिळतं, त्यात मांस नसतं. अॅकी पिवळं अंड्यासारखं दिसतं म्हणून आईने हात लावला नाही, फळ आहे सांगितलं तरी नाही, आणि तसंही त्यात खारा मासा घालतात, वेगळं सांगून बिनमाशाचं करून घ्यावं लागतं.

तिसऱ्या दिवशी एकादशी. आता आली का पंचाईत. मेनूत बॅमी दिसली, कसाव्याची जाड भाकरी, नारळाच्या दुधात भिजवून तळलेली. मी सांगितलं अगं साबुदाणा याच कंदाचा करतात. आईने जरा विचार केला, मग चालतं म्हणाली, दोन खाल्ल्या, बाबांनी तिसरी. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर बॅमीबरोबर अख्खा तळलेला मासा आला. तेल कुठलं हे मी काही विचारलं नाही.