सारसाचा आवाज

ऑगस्टातल्या एका सकाळी गोंदियाकडून वनविभागाची गाडी आली आणि नागपुरातल्या आमच्या शवविच्छेदनगृहासमोर थांबली. आत गोणपाटात गुंडाळलेला सारस. सोबत वनरक्षक, आणि ज्यांच्या धानाच्या बांधीत तो पडलेला सापडला ते शेतकरी काका. पंचनाम्यावर सही झाल्यावर ते घरी गेलेच नाहीत, गाडीत बसून इथवर आले.

टेबलावर ठेवला तर पाय बाहेर लोंबत राहिले. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच हाच. पंख पसरून मोजले, जवळजवळ आठ फूट. टोकाची पिसं करपलेली, पायावर भाजल्याची खूण. धानाच्या बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या दोन तारांमधलं अंतर लहान पक्ष्याला पुरतं, एवढ्या पंखांना नाही. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात, तेही काही डझनच. त्यातला एक माझ्यासमोर होता आणि माझे हात जड झाले होते.

"याचा आवाज कोठून निंगे जी, मॅडम? पहाटे अख्ख्या गावात ऐकू ये."

एरवी मी कुणाला आत थांबू देत नाही. त्यांना मास्क दिला. श्वासनलिका मानेतून खाली सोडवत गेले. कोंबडीत ती सरळ फुफ्फुसांकडे जाते. इथे मात्र ती छातीच्या हाडात शिरली. हाड जपून कापलं, तर आत पोकळीत नळीचं वेटोळं, तुतारीसारखं. पुस्तकात वाचलं होतं, हाताला पहिल्यांदा लागलं. काकांनी बोट न लावता हवेतच ते वळण गिरवलं.

वृषणं दिसली, म्हणजे नर. जोडीनं ओरडताना पंख उंचावतो तो हाच.

"एक मेला का दुसरा जीव देते म्हणतात."

तसं नाही, म्हटलं. मादी पुढे दुसरा जोडीदार धरू शकते. प्रश्न घरट्याचा आहे. त्यांच्या बांधीत गवताच्या ढिगावर दोन अंडी होती. महिनाभर दोघं आळीपाळीनं उबवतात. आता ती चरायला उठली की अंडी उघडी, आणि कावळे, कुत्रे टपलेलेच.

काका बाहेर गेले. मी हातमोजे काढत होते तेव्हा व्हरांड्यातून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "आपली दोनी कुत्री बांधून ठेव. आन् बांधीत कोनाले जाऊ नको देऊ, निंदाले पन नाई."

मी परत टेबलाकडे वळले. अहवालासाठी त्या हाडाचा फोटो काढायचा राहिला होता.