किंग्जवेचं काम कुठवर आलं: आधी पाणी, मग रंग

माझ्या जुन्या किंग्जवे गाडीला अजून रंगाचा थेंब लागलेला नाही. बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. बॉडी लाल प्रायमरमध्ये आहे, क्रोमचं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवलं आहे, आणि पावसाळा व त्यानंतरचे महिने इंजिनाच्या पोटात पाणी नीट फिरवण्यात गेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. त्या उन्हात पुलगावच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभं राहायचं नसेल, तर अमेरिकन फ्लॅटहेड इंजिनाचं काम इथूनच सुरू करावं, या मताला मी आता घट्ट आलो आहे.

गाडीची ओळख थोडक्यात. १९५२ ची डॉज किंग्जवे, चार दारांची, उजव्या हाताचं स्टिअरिंग. नावाने डॉज, अंगाने प्लिमथ. क्रायस्लर कंपनी बाहेरच्या देशांसाठी प्लिमथच्याच बॉडीवर डॉजची जाळी आणि चिन्हं लावून ही गाडी विकायची. डिसोटो डिप्लोमॅट हेही तिचंच भावंड. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जुळवायची. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, पण कापसाचा पैसा होताच, आणि जिनिंगवाल्यांच्या फाटकात अशा गाड्या दिसत. ही आर्वी तालुक्यातल्या एका बंद जिनिंगच्या गोदामात उभी होती. दाराखालच्या पोकळीत उंदरांनी सरकी इतकी ठासून भरली होती की पत्रा गंजून गेला, तरी सरकी जागची हलली नाही. ती काढून गुरांना घालावी का, असा प्रश्न आईने गंभीरपणे विचारला.

आता ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड.

या फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, म्हणजे सगळी आग ब्लॉकच्या अंगात. एक्झॉस्ट सीट, म्हणजे धुराचे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, थंड राहाव्यात म्हणून कंपनीने वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) मागे, ब्लॉकच्या आत, लांबलचक चपटी पत्र्याची नळी सरकवलेली असते. तिला एक्झॉस्ट सीटकडे तोंड करून भोकं असतात. पंपाचं गार पाणी या नळीतून थेट शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोचतं. नळी गंजली की पाणी पुढच्या दोन-तीन सिलिंडरांतच फिरून परत येतं, काटा जेमतेम वर दिसतो आणि मागे सहा नंबर भाजून निघतो. आमच्याकडे लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, थर्मोस्टॅट काढून फेकतात. नळी आत आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

माझे मिस्त्री म्हणजे आर्वीचे चाचा. उभा जन्म जीप आणि ट्रॅक्टरमध्ये गेलेला. रेडिएटर आणि वॉटर बॉडी उतरवल्यावर त्यांनी टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हे नळी नाई रायली, हे आता पापडी झाली." खरंच होतं. आकड्याने ओढली की तुकडा हातात यायचा. शेवटी लांब सळईचं टोक चपटं ठोकून, वाकवून त्याचा हूक केला, आणि सळईवर सरकणारं लोखंडी वजन मागे आपटत आपटत नळी बोटबोटभर बाहेर काढली. जो भाग शाबूत होता त्यावरून भोकांची जागा कागदावर उतरवून घेतली. उरलेल्या भोकांची जागा ब्लॉकमधल्या सीटच्या अंतरावरून ठरवली. नवी नळी पितळी पत्र्याची, वर्ध्याला भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून जोडून घेतली. अमेरिकेत ती तयार मिळते, पण कुरिअर आणि कस्टमचा हिशेब मांडल्यावर पितळ स्वस्त पडलं. शिवाय तो कारागीर झाळण इतकी सफाईदार करतो की बाजारची नळी त्यापुढे उघडी पडेल.

नळी काढली म्हणजे संपलं नाही. ब्लॉकच्या बाजूला गोल झाकणं असतात, ज्यांना आपल्याकडे कोअर प्लग म्हणतात. ती फोडल्यावर मागच्या दोन भोकांतून काळा चिखल निघाला: गंज, ओतकामाची वाळू आणि विहिरीच्या पाण्याचा खार, तिन्ही मिळून घट्ट बसलेले. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी जड, हे नव्याने सांगायला नको. चहाच्या भांड्याचा तळ बघितला तरी कळतं. तारेने खरवडून हाताला फोड आले. मग संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतो तो एचटीपी पंप आणला, गन बारीक धारेवर केली आणि एकेका भोकातून पाणी मारलं. ही युक्ती ज्याच्याकडे बाग आहे त्याने जरूर करावी. पहिल्यांदा पाणी चॉकलेटी आलं, मग तांबूस, आणि दोन टाक्यांनंतर स्वच्छ. चाचांचं त्यावर म्हणणं, "संत्र्यापरीस इंजिनाले कमी औषध लागते."

रेडिएटर मूळचा तांबे-पितळेचा आहे, तो ठेवला. टाक्या उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून घेतली. या रेडिएटरवर आजच्या गाड्यांइतका दाब देऊ नये, त्यामुळे नवं झाकण घेताना दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. थर्मोस्टॅट ७१ अंशांचा लावला, म्हणजे जुन्या भाषेत १६० फॅरनहाइट. तो काढून टाकावा असा सल्ला मला गावातल्या निम्म्या लोकांनी दिला. थर्मोस्टॅट नसलं की पाणी रेडिएटरमधून सतत फिरतं, हिवाळ्याच्या सकाळी इंजिन गारच राहतं आणि तेलात पाणी साचून गाळ होतो. मी ठेवला. भरायला पावसाचं पाणी आणि कूलंट. टिनाच्या छपरावरचं पहिलं पाणी सोडून दिलं आणि नंतरचं ड्रमात धरलं.

हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट, मागवण्याआधी हेडची लांबी फुटपट्टीने मोजा, ही सूचना प्रत्येक फ्लॅटहेडवाल्याला. क्रायस्लरच्या या सहा सिलिंडरांच्या इंजिनांचे दोन ब्लॉक आहेत. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजचं हेड सुमारे साडेतेवीस इंच, कॅनडातल्या इंजिनांचं २५ इंच. गंमत अशी की दोन्हीत २१८ घनइंचाचं इंजिन आहे: अमेरिकन सव्वातीन इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि चार पूर्णांक तीन अष्टमांश स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), कॅनेडियन तीन पूर्णांक तीन अष्टमांश बोअर आणि चार पूर्णांक एक सोळांश स्ट्रोकचं. कागदावर घनइंच बघून पॅकिंग मागवलं तर ते भिंतीला टांगायच्या कामाचं. माझं निघालं २५ इंची. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, ६५ ते ७० फूट-पौंडांपर्यंत आवळले. काही बोल्ट थेट पाण्यात उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलंच पाहिजे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हखालची फट, गरम इंजिनावर जुळवायचे: इनटेक आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट दहा. बाजूची दोन झाकणं उघडून, मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्याच्या, खाली हात घालून. हात भाजतो, मान अवघडते, आणि चाचांसारखा माणूस शेजारी असेल तर शिव्यांचा साठाही वाढतो. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायला, मात्र कंपनीने मोठी सोय केली आहे. सहा नंबरच्या सिलिंडरवर हेडमध्ये एक छोटा प्लग असतो. तो काढून तार आत सोडली की पिस्टन वर आला ते हाताला कळतं. डेल्कोचा, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, पॉइंट वीस थाऊ, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४.

मागचे ड्रम हा या गाड्यांचा दुसरा प्रसिद्ध छळ. ॲक्सलचं टोक निमुळतं, त्यावर चावीत बसलेला ड्रम, आणि इतक्या वर्षांत दोघांचं लोखंड एक झालेलं. हातोडा मारू नका, ॲक्सल आणि बेअरिंगची वाट लागते. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने इंचभर जाड पाटीचा पुलर करून दिला. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे धरून ठेवायचा, नाहीतर ड्रम सुटला की अंगावर येतो. संध्याकाळी ताण देऊन तसाच ठेवला. रात्री असा बार निघाला की शेजारच्या वावरातला राखण करणारा डुकरं आली समजून काठी घेऊन धावत आला. दुसऱ्या बाजूचा ड्रम मात्र मुकाट्याने निघाला. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन व्हील सिलिंडर आहेत, ते लेथवर स्लीव्ह टाकून घेतले; त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. पूर्वी कुणीतरी ते न जाणता पाइप लावून जोर केला होता, त्याचे तुटके बोल्ट काढून घ्यावे लागले.

करंटच्या बाबतीत सगळा गाव एकीकडे आणि मी एकीकडे. बाबांपासून बॅटरीवाल्यापर्यंत सगळे म्हणतात, बारा व्होल्ट करून टाक. मी सहाच ठेवले. सहा व्होल्टवर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड लागते. बाजारातली बारा व्होल्टची बारीक केबल लावली की सेल्फ कण्हतो आणि लोक सहा व्होल्टला नावं ठेवतात. मी वेल्डिंगची जाड केबल घेऊन बॅटरीपासून सेल्फपर्यंत टाकली, इंजिन आणि चेसिसचा अर्थ खरवडून नवा केला. आता सेल्फ असा फिरतो की बाबांनीच दोन वेळा बटण दाबून बघितलं. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं, हे बॅटरीवर लाल रंगात लिहून ठेवलं आहे. नवा डायनामो किंवा कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर) लावल्यावर बॅटरी आणि आर्मेचर या दोन टर्मिनलना वायरचा क्षणभर स्पर्श द्या, म्हणजे डायनामोला दिशा मिळते. ते टाळलं तर अँपिअरचा काटा उलटा पळतो.

पेट्रोलचा प्रश्न पाण्याइतकाच उन्हाशी बांधलेला आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला खातं आणि गरमीत लवकर वाफ धरतं. या इंजिनात पेट्रोल ओढणारा एसी पंप एक्झॉस्टच्या बाजूलाच बसतो. कंपनीने त्याभोवती पत्र्याचं कवच दिलेलं असतं, पण पंप दुरुस्त करताना लोक ते बाजूला ठेवतात आणि परत कधी लावत नाहीत. पंपावर ओलं फडकं बांधून गाडी चालवणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिले आहेत. त्या फडक्याची गरज बहुतेक त्या हरवलेल्या कवचामुळेच पडत असावी. मी तेलाच्या पिपाचा पत्रा कापून कवच बनवलं, पंपाला इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम टाकला, आणि पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून जेवढा लांब नेता आला तेवढा नेला. कॉम्प्रेशन सातास एक, त्यामुळे साधं पेट्रोल पुरतं. एक्झॉस्टच्या सीटा मुळातच कडक पोलादाच्या आहेत, शिसं नसल्याची चिंता करू नये.

गंजलेलं छोटं सामान, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, मळीच्या पाण्यात टाकतो: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आठ-पंधरा दिवस. गंज उतरतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. जस्ताच्या आणि ॲल्युमिनियमच्या वस्तू त्यात घालू नका, विरघळतात. वासाची मात्र तयारी ठेवा. आमचा ड्रम कोठ्यामागे आहे, आणि बैल तिकडेच तोंड करून उभे राहतात.

बॉडीच्या वेल्डिंगचा वेग महावितरणच्या हातात आहे. शेतीची थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की एकीकडे कपाशीला पाणी सोडायचं आणि दुसरीकडे फ्लोअरला टाके मारायचे. फ्लोअर झाला, दारांच्या खालच्या पट्ट्या झाल्या, डिक्कीचा तळ बाकी आहे.

कागदांचं सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नवा नंबर व्हीए मालिकेतला; आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. रोजच्या वापराला आणि धंद्याला बंदी. माझ्याकडचं नोंदणीचं पुस्तक आहे त्या काळातलं, जेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ पर्यंत आपण तिकडेच होतो. मुख्य म्हणजे जिनिंगच्या मालकांच्या तिन्ही वारसांनी सह्या दिल्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या काकाजींनी सही करताना एवढंच विचारलं, "हॉर्न वाजते का अजून?" वाजतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सायलेन्सरमधून गंज आणि सरकीचा भुगा उडाला. त्यानंतर दुपारच्या उन्हात उभ्या जागी अर्धा तास चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने हेड तपासलं. एक नंबर आणि सहा नंबरमध्ये चार-पाच अंशांचाच फरक निघाला. चाचांचा त्या बंदुकीवर विश्वास नाही. त्यांनी दोन्ही टोकांवर पाण्याचे थेंब टाकून चर्र आवाज ऐकला आणि मान डोलावली.

पुढचं काम हँडब्रेकचं. या गाडीत तो चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे, आणि गिअरबॉक्सचं मागचं सील गळत असल्याने त्याचा पट्टा तेलाने भिजला आहे. आधी सील, मग पट्टा. त्यानंतर ६.७०-१५ ची टायर शोधायची आहेत. एप्रिल उजाडेपर्यंत गाडी पुलगावपर्यंत जाऊन आली पाहिजे, दुपारी बाराच्या आत नाही, बारानंतर निघून.