मोठा भोपळा आणि फवारणीचा घोर

लाल भोपळा मोठा करायचा तर खतापाण्यापेक्षा फवारणीच जास्त घोर लावते. कीटकनाशक विकणाऱ्या एका दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आळं, शेणखत, उगवण, कुठेच अडलं नाही. कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे आले, ते सकाळच्या गारठ्यात सुस्त असतात तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. अडलं ते फळ धरताना. लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. एक चिरलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून डिंकासारखा चीक. फळमाशी!

कृषी सेवा केंद्रात गेले. "ताई, हे मारा, बिनधास्त." बाटलीवर पिवळा त्रिकोण, म्हणजे लालच्या खालोखाल विषारी. माहितीपत्रक उलगडलं तर त्यात कापूस, भात, मिरची. भोपळा नाहीच. मात्रा हेक्टरी, आणि माझे वेल दोन! फवारल्यावर किती दिवसांनी काढणी करायची तेही त्या त्या पिकापुढे लिहिलेलं. मग भोपळ्याला काय धरायचं? विचारलं तर म्हणे, "सगळे मारतात हो." बिल मागितलं तर, "एवढ्याशा बाटलीचं बिल?" विष विकणाऱ्याने बिल द्यायलाच हवं, आणि कुठल्या पिकावर चालतं हेही सांगायला हवं. तुम्ही गेलात तर दोन्ही मागून घ्या.

सासूबाई आधीच म्हणाल्या होत्या, "एकदा मारून टाक, नाहीतर यंदा भोपळा दिसायचा नाही." त्यांचंही खोटं नव्हतं, फळं तर रोज गळत होती. पण फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात मधमाशी नर फुलावरून मादी फुलावर गेली नाही तर फळच नाही. फवारा तिच्यावरही पडणार. अळी मात्र फळाच्या आत सुरक्षित. शिवाय त्याच वेलाच्या फुलांची भजी आम्ही खातो. बाटली दुकानातच ठेवून आले.

क्यू ल्युअरचा, म्हणजे फळमाशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा सापळा टांगला. त्यात फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. म्हणून सकाळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर स्वतः फिरवलं आणि फूल मिटल्यावर कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली. गळालेली फळं खोल पुरा, कारण अळी मातीत कोष करते. निंबोळी अर्कही मारला, संध्याकाळीच: लिटरला 50 ग्रॅम पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी आली तर भर उन्हात गंधक मारू नका, भोपळ्याची पानं करपतात.

आणि हो, मोठा हवा असेल तर वेलाला एकच फळ ठेवा, खाली पेंढा घाला. माझा किराणा दुकानातल्या काट्यावर 11 किलो भरला. अर्ध्याचे घारगे केले, उरलेला शेजारीपाजारी वाटला. काढताना चार बोटं देठ ठेवा, नाहीतर तिथूनच सडायला लागतो.