फाडायला शिकवणारे सर

आठवीत चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, "घरातली जुनी कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणा. फाडायची आहेत." वर्ग चिडीचूप. मुखपृष्ठांवर दलाल, मुळगावकर या चित्रकारांनी काढलेल्या देखण्या बायका, कॅलेंडरवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी. तिला हात कोण लावणार? आई तर कडाडलीच, "देव फाडायला शाळेत घातलंय का तुला?"

सरांनी तोड काढली. देव अख्खा कापून वेगळा ठेवायचा, तो गणपतीबरोबर विसर्जनाला. आपल्या कोलाजला, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राला, हवं फक्त तळ्याचं पाणी, मागचं आभाळ, हत्तीची करडी सोंड. कात्री तेवढ्यापुरतीच. पुढचं सगळं हातानं.

कागदालाही कल असतो, हे तेव्हा कळलं. एका दिशेनं तो सरळ फाटतो, दुसरीकडून वेडावाकडा जातो. तुकडा अंगाकडे ओढून फाडला की त्याला पांढरी कड सुटते. ती कड कुठे ठेवायची आणि कुठे झाकायची यातच आमचे चार-चार तास जायचे. चिकटवायला मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. सर मागून यायचे, चित्र उलटं धरायचे आणि म्हणायचे, "सोंड अजून सोंडच दिसतेय. आणखी फाड." सोंड दिसेनाशी झाली की नुसता करडा रंग उरायचा, आणि तो किती प्रकारचा असतो ते पाहून मी थक्क व्हायचो. (एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत मला सी ग्रेड होती, हेही सांगून टाकतो.)

पुढे ऑफसेट छापखान्यात लागलो. तिथे भिंगातून पाहिलं की तोच करडा चार रंगांच्या ठिपक्यांत विरघळतो. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून छापलेली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवर बसणारी जुळणी, हललं की आजही मी तो कागद रद्दीत टाकत नाही, घरी नेतो.

आठवीतलं ते कोलाज अजून माझ्याकडे आहे. सरांचा नियम होता, अक्षर दिसता कामा नये. माझ्या करड्या पट्ट्यात मात्र एका तारखेचा चौकोन राहून गेला होता आणि त्यात आईच्या हातचं, पेन्सिलीनं, "दूध नाही". मी वर दुसरा तुकडा चिकटवायला गेलो, तर सरांनी माझा हात धरला.