भरलेल्या केबिनचाच ब्रेक का लागायचा

दोन नंबरच्या केबिनचा ट्रॅक ब्रेक वाटेत आपोआप लागायला लागला, तेव्हा आमच्या रोपवेवर ऐन गर्दीचे दिवस होते. रिकामी केबिन कितीही वर-खाली फिरवा, काही होत नसे. माणसं भरली की मात्र कधीतरी मधेच धाडकन आवाज यायचा, केबिन जागच्या जागी थांबायची आणि मग पुढे-मागे झोके खात राहायची. बरं, दर फेरीला झालं असतं तरी चाललं असतं. तेही नाही. असले येऊन-जाऊन असणारे दोष मेंटेनन्सवाल्याला नको नको करतात. त्यापेक्षा साफ बंद पडलेलं यंत्र परवडतं.

पुढचं समजायला यंत्रणा थोडी सांगायला हवी. आमचा रोपवे दोन केबिनचा. रहाटाच्या दोन टोकांना दोन पोहरे असावेत तसं, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. उतरणारीचं वजन चढणारीला मदत करतं, त्यामुळे मोटरच्या वाट्याला दोघींच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच येतं. सकाळी सगळी गर्दी वर निघालेली असते तेव्हा मोटर दमते. संध्याकाळी भरलेली केबिन खाली आणि रिकामी वर असली की उलटं होतं, मोटरलाच वेग आवरून धरावा लागतो.

दोर दोन प्रकारचे. ट्रॅक रोप जाड, हलत नाही, तो केबिनचा रस्ता. त्याच्या बाहेरच्या थरातल्या तारा गोल नसतात, झेडच्या आकाराच्या आणि एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्यामुळे दोर वरून गुळगुळीत राहतो आणि एखादी तार तुटली तरी उसळून बाहेर येत नाही. वरच्या स्टेशनात तो काँक्रीटच्या जाड खांबाला वेढे देऊन बांधलेला आहे, खालच्या स्टेशनात खड्ड्यात टांगलेल्या काउंटरवेटने ताणलेला. उन्हात दोर लांबतो, वजन थोडं खाली येतं. थंडीत वर चढतं. ताण तेवढाच राहतो. दुसरा हॉल रोप, त्याहून बारीक आणि लवचिक, तो केबिनला ओढतो.

केबिनच्या वर चाकांचा गाडा असतो, तो ट्रॅक रोपवरून धावतो. गाड्याला एका पिनेवर लोंबणारा हँगर आणि हँगरला केबिन. या पिनेवर पुढे सगळं येऊन ठेपलं, म्हणून लक्षात असू द्या: दोराला जेवढा चढ असेल तेवढा गाडा तिरका होतो, पण केबिन आणि हँगर सरळच लोंबत राहतात.

ट्रॅक ब्रेक याच गाड्यात बसवलेला आहे. तो लावायला काहीच करावं लागत नाही, उघडा ठेवायला करावं लागतं. जबडे दोरावर आवळायला जाड स्प्रिंगा कायम टपलेल्या असतात आणि तेलाचं प्रेशर त्यांना मागे रेटून धरतं. ते प्रेशर कोंडून धरणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे वीज असेपर्यंतच बंद राहणारी झडप, केबिनमधल्या बॅटरीवर चालतो. वीज गेली, नळी फुटली, हॉल रोप ढिला पडला, काहीही झालं तरी शेवट एकच. तेल टाकीत परत, जबडे दोरावर. (गोंडोलाच्या लाइनवर, जिथे एकच दोर सतत फिरतो आणि छोट्या छोट्या केबिन त्याला स्प्रिंगच्या पकडीने धरून जातात, तिथे असा ब्रेक नसतो. तिथे दोरच केबिनला तोलतो आणि ओढतोही, त्यामुळे ब्रेक लागतो तो ड्राइव्हच्या मोठ्या चाकाला. पाहुणे नेहमी दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सांगितलं.)

त्या दिवशी सकाळी दोन नंबर पूर्ण भरून वर निघाली आणि वाटेत दोराला आधार देणाऱ्या टॉवरच्या अलीकडे थांबली. कंट्रोल रूममध्ये पडदा लाल झाला. केबिनमधला अटेंडंट पोरगा नोकरीला नवा, पण डोक्याने थंड. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"दादा, ब्रेक लागलाय. सगळे ठीक आहेत. एक आजी घाबरल्यात, त्यांना खाली बसवलंय."

"प्रेशर किती दिसतंय?"

"शून्य. पण दादा, काटा हळूहळू नाही उतरला. टपकन पडला. पंप मारू?"

"थांब जरा."

केबिनमध्ये हातपंप असतो. तो मारून प्रेशर चढवलं की जबडे उघडतात. पण हॉल रोपवरचा ताण पडद्यावर नीट दिसल्याशिवाय पंप मारायचा नाही, हे आमच्याकडे कोणी विसरत नाही. ३० अंशांच्या चढावर केबिनच्या वजनाच्या निम्मी ओढ हॉल रोपवर असते. तो ढिला असताना ब्रेक सोडला तर ढिलाई भरून निघेपर्यंत केबिन मागे घसरते आणि मग दोराला जो हिसका बसतो तो कोणत्याही दोराने सहन करू नये. ताण पाहिला, आकडा नेहमीचा होता. मग पोराला पंप मारायला सांगितलं. केबिन रांगत रांगत वर गेली. माणसं उतरवली, वरची माणसं खाली आणायला एक नंबर पुरेशी होती. दोघी एकाच हॉल रोपला जोडलेल्या असल्याने दोन नंबर रिकामी का होईना, सोबत हलतेच. रिकामी असताना ती कधी अडली नव्हती, तेव्हाही अडली नाही. शेवटचा माणूस खाली आला आणि मी लाइन बंद केली.

दहा मिनिटांत साहेब आले.

"अहो, रांग बघितलीत का? पार रस्त्यापर्यंत गेलीय."

"बघितली."

"हॉल रोपची तपासणी आत्ताच झालीय ना? रिपोर्टवर तुमचीच सही आहे. दोर ठणठणीत आहे म्हणता, मग तो तुटल्यावर लागणारा ब्रेक एक दिवस नसला तर काय बिघडतं? काटे लावा आणि चालवा. रात्री बघा निवांत."

काटे म्हणजे लाल रंगाचे दोन लोखंडी तुकडे, वर्कशॉपमध्ये खुंटीला टांगलेले. जबड्यांमध्ये अडकवले की ब्रेक लागूच शकत नाही. ब्रेकचं काम करताना रिकामी केबिन स्टेशनात पुढे-मागे करायला ते लागतात. लाल रंग एवढ्यासाठीच, की ते लावलेले असताना कोणी माणूस आत चढू नये.

साहेबांचा प्रश्न वेडगळ नव्हता. दोर खरंच चांगला होता. चुंबकीय तपासणीत दोर एका यंत्रातून सरकवतात आणि आतली तुटलेली तार बाहेरून न दिसताही कळते. पण ते यंत्र दोराच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही. जिथे दोर पिंजून, शंकूच्या आकाराच्या सॉकेटमध्ये धातू ओतून गाड्याला जोडतात, तिथला भाग डोळ्यांनी पाहायचा आणि ठरलेल्या मुदतीत कापून टोक नव्याने ओतायचं, एवढंच हातात असतं. "ठणठणीत" हा शब्द मी तरी त्या रिपोर्टात कुठे लिहिलेला नाही.

मी त्यांना मोत्तारोने इथल्या रोपवेची गोष्ट सांगितली. इटलीत, २३ मे २०२१. तिथलाही ट्रॅक ब्रेक विनाकारण लागत होता, गाडी पुन्हा पुन्हा अडत होती, म्हणून त्याला काटे लावून सेवा चालू ठेवली होती. वरचं स्टेशन अगदी हाताशी आलं असताना हॉल रोप तुटला. जबडे दोर पकडू शकले नाहीत. केबिन उलटी धावत सुटली आणि टॉवरपाशी दोरावरून फेकली गेली. १४ माणसं गेली, पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला. त्याच देशात कावालेझेला १९७६ मध्ये दोर एकमेकांवर चढले होते. तिथेही सुरक्षायंत्रणा बाजूला सारून गाडी पुढे नेली गेली होती.

साहेब ऐकून गप्प झाले असं मुळीच नाही. "तुम्ही लगेच टोकाला जाता," म्हणाले. पण काट्यांचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि तिकीट खिडकीवर स्वतः जाऊन उभे राहिले. शिव्या त्यांनी खाल्ल्या. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आमचे जुने फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांचा संशय तेलावर होता. प्रेशर जातंय म्हणजे कुठेतरी गळतंय, साधा हिशेब. मी त्यांना पोराचं वाक्य सांगितलं. गळती असती तर काटा सरकत सरकत उतरला असता, पंप मधून मधून चालू होऊन त्याला वर ढकलत राहिला असता. टपकन पडला म्हणजे व्हॉल्व्ह एका क्षणात उघडला. आणि तो एकाच कारणाने उघडतो, त्याची वीज जाते.

"बॅटरी?"

"बॅटरी मेली असती तर रिकाम्या फेरीतही मेली असती."

ऑपरेटर लॉगबुकात वेळ लिहितात, जागा लिहीत नाहीत. पण ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये केबिन खालून किती मीटरवर होती याची नोंद राहते. त्या नोंदी काढून शेजारी शेजारी ठेवल्या आणि मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. सगळे दणके एकाच तीसेक मीटरच्या पट्ट्यात, टॉवरच्या लगेच खाली, आणि प्रत्येक वेळी केबिन भरलेली.

आता दोर डोळ्यांसमोर आणा. दोन आधारांमधला दोर झोळ खातो. म्हणून टॉवरच्या अलीकडच्या शेवटच्या टप्प्यात चढ सगळ्यात उभा असतो आणि टॉवर ओलांडला की लगेच सौम्य होतो. केबिन जड असेल तर झोळ आणखी खोल, म्हणजे टॉवरखालचा चढ आणखी उभा. चढ उभा म्हणजे गाडा जास्त तिरका. केबिन मात्र सरळच लोंबते. तेव्हा गाडा आणि हँगर यांच्यातला कोन कमाल कधी होतो? भरलेल्या केबिनला, टॉवरच्या खाली. आणि बॅटरीकडून व्हॉल्व्हकडे जाणारी केबल हँगरवरून चढून नेमकी त्या पिनेला वळसा घालून गाड्यात जाते.

रिकाम्या केबिनने हे कधीच सापडलं नसतं, म्हणून भार हवा होता. भारचाचणीला आमच्याकडे प्लास्टिकची पिंपं आहेत. ती केबिनमध्ये ठेवून पाइपने भरली, साधारण तीन टन पाणी. सोलेनॉइडच्या टोकांना एक साधा बल्ब जोडला, म्हणजे तिथे वीज आहे की नाही हे मीटरकडे न बघता कळावं. मग हार्नेस अडकवून मी केबिनच्या छतावरच्या फलाटावर बसलो आणि तपासणीच्या वेगाने, माणूस आरामात चालेल इतक्या हळू, निघालो. माणूस छतावर असताना यापेक्षा जोरात जायचं नाही, हा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे.

खालच्या निम्म्या वाटेत बघण्यासारखं काही नव्हतं. ग्रीसचा वास, चाकांचा खरखराट, आणि डोळ्यांपासून हातभर अंतरावर पिन. काळी रबरी केबल हँगरला एका पट्टीने आवळलेली, मग एक छोटा वळसा, मग गाड्यावरची दुसरी पट्टी. टॉवर जवळ आला तसा गाडा मागे कलायला लागला आणि तो वळसा सरळ होऊ लागला. आधी गोलाई गेली. मग केबल दोन पट्ट्यांमध्ये तारेसारखी ताठ झाली. वरच्या पट्टीच्या कडेला रबराला एक घडी पडलेली होती, आणि ताण आल्यावर ती घडी उघडून आत पांढुरकी रेघ दिसली. बल्ब लुकलुकला. म्हणजे विझून पुन्हा लागला, पापणी लवायला लागेल तेवढाच वेळ. तेवढ्यात माझ्या तोंडासमोर जबडे दोरावर आदळले. वेग नगण्य होता तरी आवाजाने कान बधिर झाले.

बल्ब परत लागला होता, पण तेल एकदा टाकीत गेलं की वीज परत येऊन उपयोग नसतो. म्हणूनच स्टेशनात मीटर लावला की केबल दर वेळी निर्दोष दिसायची. तांब्याच्या तारा आवरणाच्या आत तुटलेल्या होत्या, नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या. ताण आला की सुटत, गेला की परत टेकत.

मागच्या मोठ्या सर्व्हिसिंगला ती केबल बाहेरच्या माणसांनी नव्याने बांधली होती. काम दिसायला सुबक होतं, वळसा आटोपशीर, कुठे लोंबकळणं नाही. मामा म्हणाले, "वळसा गबाळा दिसला असता तर केबल टिकली असती." जोड मारायचा प्रश्नच नव्हता. पूर्ण केबल नवी घातली, वळसा सैल ठेवला आणि वरची पट्टी काढून पिनेपासून लांब सरकवली. मग तेच पाणी घेऊन आधी हळू, नंतर छतावर कोणी नसताना पूर्ण वेगाने. आणि शेवटी मुद्दाम, टॉवरखाली, व्हॉल्व्हची वीज तोडून पाहिली. ब्रेक लागला. तो न लागणं हे तो उगाच लागण्यापेक्षा कितीतरी वाईट, त्यामुळे ही चाचणी राहू द्यायची नसते.

एक नंबरची केबिन कधीच अडली नव्हती. तरी पट्टी सोडून पाहिली. त्याच हातांचं काम, तसाच आटोपशीर वळसा, रबराला घडी पडायला सुरुवात झालेली. तीही केबल बदलली. यात अंधार पडला, लाइन दिवसभर बंदच राहिली आणि तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी पिंपांची केली, मग माणसं घेतली. मासिक तपासणीच्या तक्त्यात आता एक ओळ वाढली आहे: पूर्ण भार, टॉवरच्या खाली, पिनेजवळची केबल छतावरून पाहणे. मामांना ती ओळ मुळीच आवडत नाही, कारण दर महिन्याला पिंपं भरायची आणि उपसायची पाळी त्यांच्यावरच येते.